हॉलमधला उंबरा

वाटूर फाट्यावर एसटीची वाट बघत दोघी बहिणी माझ्या शेजारी येऊन टेकल्या. थोरलीनं विचारलं,

"मंग तृप्ती, नव्या घरात करमून राह्यलं का?"

"करमतंय की अक्का. दूध उतू घातलं, सामान लागलं. जुन्या घराच्याच जागेवर हाय, पण बिलकुल उजेडच उजेड."

"मंग तोंड का उतरलंय?"

"छकुली चालाय लागली."

"चांगलंच हाय की."

"हॉलमधून चालते अन् मधीच थांबते. पाय उंच उचलून पलीकडं टाकते, मंग पुन्हा चालाय लागते. रोज त्याच जागी."

"फरशी वर आली असंल."

"न्हाई गं. मिस्त्रीनं लेव्हल लावून दाखवली, बराबर हाय. तिथं जुन्या घराचा उंबरा होता."

"तुझी सासू अडखळून पडली अन् पुन्हा उठली न्हाई, त्योच?"

"त्योच. घर पाडलं तवा छकुली पोटात होती."

"लेकरू हाय, खेळत असंल."

"पाय उचलताना एक हात वर धरते, अक्का. कुणाचं बोट धरल्यासारखा."

"पाव्हणे काय म्हणतात, छकुलीचे पप्पा?"

"आधी हसायचे. परवा सिलेंडर घेऊन आल्ते, तिथंच ठेचकाळले. अंगठ्याचं नख गेलं."

"सपाट फरशीवर?"

"सपाट फरशीवर."

"मंग आता गं?"

"आता आम्ही समदे पाय उचलूनच जातो. तू रविवारी जेवायला ये. हॉलच्या मधी आलीस की जरासा पाय उचल, म्हंजे झालं."