हिरवी गाडी आधी आली

जबाब
दिनांक २१/०७/२०२५, सकाळी ११.४० वा.

माझे नाव धोंडूबाई महिपत उतेकर, वय ६३ वर्षे, व्यवसाय शेती व दोन म्हशी, शिक्षण चौथी पास, रा. पांगारकोंड वरची वाडी, ता. पोलादपूर, जि. रायगड. मोबाईल नाही. पतीचा आहे, तो भिजल्याने बंद आहे.

आज ठाण्यात बोलावून विचारपूस केल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती महिपत सयाजी उतेकर, वय ६९, यांच्यासह राहते. पती सैन्यात ड्रायव्हर होते. सतरा वर्षे नोकरी करून नाईक या हुद्द्यावर घरी आले. आमची वाडी सात घरांची, कातळावर आहे. तेथून कच्चा रस्ता खालच्या वाडीतून उतरून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला मिळतो. खालच्या वाडीत एकतीस घरे आहेत. गोष्ट त्या एकतीस घरांची आहे, ट्रकची नंतर, हे आधी लिहून घ्यावे असे मी सांगितले. हवालदार मैथिली मॅडम यांनी लिहून घेतले.

ट्रकबाबत विचारल्यावरून सांगते की, सहा वर्षांपूर्वी महाड औद्योगिक वसाहतीजवळ एका भंगारवाल्याच्या आवारात पतींनी सैन्यातून निघालेला जुना शक्तिमान ट्रक पाहिला. तो दुसऱ्या दिवशी कापणार होते. नोकरीत त्यांनी याच जातीचा ट्रक चालवला होता. मला न विचारता त्यांनी तो घेतला व जेसीबीने ओढून वर आणला. खरेदीची पावती सोबत दिली आहे. त्यावर भंगार असे लिहिलेले आहे. आम्ही भंगारच घेतले, चोरी केली नाही.

ट्रक गोठ्यात लावला आणि म्हशी पडवीत बांधल्या. मी चार दिवस पतींशी बोलले नाही. म्हशींनीही दूध कमी दिले. इंजिन जाम होते. ऐनाच्या फांदीला चेन कप्पी लावून ते खाली उतरवले आणि महिनाभर आत डिझेल मुरत ठेवले. मी म्हटले, "लोणचं मुरवायला मला विचारतात, हे मुरवायला कुणाला विचारलात?" त्यावर त्यांनी माझ्या हातात पाना दिला. तेव्हापासून मी त्या कामात आहे. गंज मी पॉलिश पेपरने घासला आहे. नटबोल्ट मी रॉकेलमध्ये धुतले आहेत.

सुटे नटबोल्ट हरवू नयेत म्हणून बियाणे ठेवतो तशा मी त्यांच्या पुरचुंड्या बांधल्या. कोणत्या जागेचे ते कळावे म्हणून चाकाच्या पुरचुंडीत वाल, इंजिनाच्या पुरचुंडीत हरभरा आणि ब्रेकच्या पुरचुंडीत कुळीथ घातले. दुसऱ्या पावसात उंदरांनी पुरचुंड्या फाडून सगळे धान्य खाल्ले व एकशे सत्तर बोल्ट एका ढिगात राहिले. ते पुन्हा जागेवर बसवायला आठ महिने गेले. पती एका शब्दाने मला बोलले नाहीत. म्हणून सांगते, या ट्रकचा एकेक बोल्ट माझ्या ओळखीचा आहे. ब्रेक चांगले नव्हते असे तक्रारीत लिहिले असेल तर ते खोटे आहे.

रंगाबाबत. सैन्याचा हिरवा रंग खाजगी गाडीला देता येत नाही असे मला आज सांगण्यात आले. ते मला आधीपासून माहीत आहे. पतींनी गंजाला लावायचा तांबडा हात दिला होता आणि वर करडा रंग देणार होते. पण तांबड्या ट्रककडे ते बघायचे नाहीत, पाठ करून बसायचे. मी त्यांची जुनी युनिफॉर्मची पँट पोलादपूरच्या बाजारात नेली आणि दुकानदाराकडून तसाच रंग कालवून घेतला. पती म्हणाले, "गो, हा रंग आपल्याला नाय चालत, कायदा हाय." मी म्हटले, "म्हस काळी हाय ती कुणाला विचारून?" रंग मी दिला. तीन डबे लागले. पतींचा जबाब काल झाला, त्यात त्यांनी रंग आपण दिला असे सांगितल्याचे मला समजले. ते खोटे बोलताना कान चोळतात. मॅडमनी पाहिले असेल.

आता दिनांक १९ चे सांगते. म्हशी मी खालच्या वाडीच्या डोक्यावर जो माळ आहे तेथे चारते. जूनअखेरीस त्या माळावर मला जमिनीला भेग दिसली. चार बोटे बसत होती. १५ जुलैला माझा हात कोपरापर्यंत आत गेला. मी ग्रामपंचायतीत तीन वेळा जाऊन सांगितले. तिसऱ्या वेळी मला उत्तर मिळाले की, "आजी, नोटीस लावली आहे." नोटीस दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या भिंतीला लागते. घरे सोडून सुरक्षित जागी जावे असे त्यात असते, कोठे जावे ते नसते. लोक दरवर्षी वाचतात आणि भात लावायला जातात. त्यांना मी दोष देत नाही. बैल चार वेळा उगाच हाकलला की पाचव्यांदा उठत नाही.

दिनांक १८ ला माळाखालच्या झऱ्याचे पाणी लाल आले.

लाल पाण्याचे मला काय कळते असे विचारल्यावरून सांगते की, माझी धाकटी बहीण नूतन पलीकडच्या खोऱ्यात दिली होती. काही वर्षांपूर्वी पावसात तिने मला फोनवर सांगितले, "ताय, पानी लाल येताय गो." मी तिला पाणी गाळून घे असे सांगितले. तिसऱ्या दिवशी त्या वाडीवर दरड आली. नंतर सैन्याच्या हिरव्या गाड्या आल्या. जवानांनी पाच दिवस उकरले. त्या जवानांना मी भाकऱ्या करून घातल्या. याबद्दल अधिक विचारू नये.

दिनांक १९ रोजी सकाळी मी पतींना म्हटले की ट्रक खाली न्या. ते म्हणाले, पासिंग नाही, विमा नाही, रस्त्यावर काढता येत नाही. मी म्हटले, माहीत आहे. त्यांनी लोकरीचे खाकी स्वेटर घातले, कारण गारठा होता व दुसऱ्याला भोके आहेत. सैनिक असल्याची बतावणी केली हा आरोप त्या स्वेटरवरून असेल तर ते स्वेटर मी ठाण्यात जमा करायला तयार आहे. ७.१५ वाजता आम्ही निघालो. ते चालवत होते, मी शेजारी बसून हॉर्न वाजवत होते. हॉर्नचे बटण त्यांच्या बाजूला आहे, मी वाकून दाबत होते.

खालच्या वाडीत पहिले घर उज्वला साळेकर हिचे आहे. ती दारात आली आणि ट्रक पाहून तिच्या हातातली कळशी खाली आली. ती म्हणाली, "काकी, मिलिटरी आली? कुठं पडला डोंगर?" आमच्याकडे हिरवी गाडी दिसली की कोठेतरी माणसे गाडली गेली एवढाच अर्थ होतो. दुसऱ्या कामासाठी ती गाडी आमच्याकडे कधी आलेली नाही. मी तिला सांगितले, "गुरं सोड नि पोरांना घेऊन शाळेत जा." शाळा ओढ्यापलीकडे पक्क्या जागी आहे. ती धावत पुढच्या घरी सांगत गेली. आठ वाजून दहा मिनिटांनी खालच्या वाडीत एक म्हातारी व दोन कोंबड्या राहिल्या. म्हातारीला पतींनी उचलून ट्रकमध्ये घातले. कोंबड्या सापडल्या नाहीत.

तक्रारदार रुचिर पानसे यांचे पर्यटकांसाठी घर घाटरस्त्याला लागून आहे. शनिवार असल्याने ते भरलेले होते. आमचा ट्रक पाहून त्यांचे पाहुणे गाड्या काढून निघून गेले. पानसे मला म्हणाले, "आजी, तुम्ही अफवा पसरवलीत. माझ्या धंद्याचं काय?" मी त्यांना विचारले की तुमच्या न्हाणीघराला पाणी कोठून येते. ते म्हणाले, झऱ्याचे. मी म्हटले, नळ सोडून बघा. त्यांनी नळ सोडला की नाही ते मला माहीत नाही. तक्रार मात्र त्यांनी लगेच फोन करून दिली.

अकरा वाजता दोन सरकारी गाड्या आल्या. ट्रक कोणाचा, परवानगी कोणाची, हे विचारायला आल्या होत्या. मी म्हटले, सगळे सांगते, पण वर माळावर चला. त्यातल्या एका साहेबांनी टेप लावून भेग मोजली. लांबी एकशे चाळीस फूट भरली. ते खाली आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता आणि लोकांना शाळेतच ठेवा असे त्यांनी फोनवर सांगितले. तीन वेळा बोलावून कोणी आले नव्हते. ट्रकची चौकशी करायला आले आणि भेग बघून गेले. मला राग आला. तो अजून आहे, आणि तो लिहून घ्यावा.

सैन्य आले आहे असे मी लोकांना सांगितले काय, असे मला विचारण्यात आले. मी सैन्याचे नाव घेतले नाही. नाही असेही म्हटले नाही, आणि ते मुद्दाम म्हटले नाही. डोंगर अजून पडलेला नाही, मग लोकांना उगाच उठवले असे वाटत नाही काय, असेही विचारण्यात आले. नाही. मला याबद्दल माफी मागायची नाही. या भागात हिरवी गाडी नेहमी दरडीनंतर आली आहे. या वेळी ती आधी आली, एवढाच माझा गुन्हा असेल तर तो माझ्या नावावर लावावा. पती माझ्या सांगण्यावरून चालवत होते. सैन्यात त्यांना हुकूम पाळायची सवय लागली, ती मी मोडू दिली नाही.

ट्रक शनिवारपासून ठाण्याच्या आवारात उभा आहे. पती त्याच्याशेजारी बसून आहेत. काल ऊन पडल्यामुळे शाळेतली नऊ घरे परत गेली आहेत, आज आणखी जातील. भेग तेथेच आहे. ट्रक ठेवून घ्यायचा असेल तर ठेवा, रंग बदलायचा असेल तर बदला. पण करडी गाडी बघून कोणी उठणार नाही, आणि नोटीस बघून तर नाहीच. म्हणून माझी विनंती आहे की पुढचा पाऊस लागला की ठाण्यातल्या कोणीतरी तो ट्रक आहे तशा रंगात घेऊन वर यावे. चावी मॅडमकडे दिली आहे. दुसरा गिअर अडकतो, क्लच दोनदा दाबावा लागतो. हॉर्न उज्वलाच्या घराच्या आधीच्या वळणापासून वाजवायला घ्यावा.

वरील जबाब मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "पतीने ट्रक खाली नेला" असे लिहिले गेले होते, ते खोडून "मी न्यायला लावला" असे करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे व खरे आहे. अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला होता, तो परत केला. मला सही येते.

सही
धोंडूबाई महिपत उतेकर