निळं बटण

— या चादरीवर शाई सांडलीय. ऑपरेशन थिएटरची आहे ही.
— बाकडी पुरणार नाहीत. टोपल्या उपड्या घाला, त्यांच्यावर बसा.
— पाहुण्याने चहा घेतला का? नको म्हणाला. सारखं घड्याळ बघतोय.
— ताई, दोन नंबरची इस्त्री तापत नाहीये.
— अभ्रा कुठला घेताय मतांसाठी? फाटका नको, गेल्या वेळी दोन मतं गळाली.
— अकरा वाजले. वाफ्या कुठे गेला?

ताई : इथे बॉयलरपाशी लपलायस होय. वर अख्खी लॉन्ड्री खोळंबलीय तुझ्यासाठी.

वाफ्या : लपलो नाही. वाफेच्या दाबाचा काटा बघतोय.

ताई : वर्षभर बघतोयसच. चल, बटण टाक. पांढरं म्हणजे लॉन्ड्री आपल्या सगळ्यांची राहणार, काळं म्हणजे पाहुण्याला विकायची.

वाफ्या : मला शिकवतेस? चौदा वर्षं बटणंच टाकतोय. पंख्यांना रंग कोणता द्यायचा, त्यावर सुद्धा अभ्रा फिरवलाय आपण.

ताई : मालक नाही ना आपल्याला. असता तर त्यानेच रंग ठरवला असता, आणि आपण छान छान म्हटलं असतं.

वाफ्या : गेल्या वर्षी बॉयलरच्या दुरुस्तीवरही फिरवला. बॉयलरला मात्र कुणी विचारलं नाही.

ताई : झालं तुझं सुरू.

वाफ्या : सगळ्यांनी दोन महिने बिनपगारी काढायचे होते, एवढंच. पस्तीस म्हणाले काढू. छत्तीस म्हणाले पुढच्या वर्षी बघू.

ताई : मी काढू म्हटलं होतं. नवरा हॉस्पिटलात असताना. तो छत्तिसावा कोण होता, तो एकदा भेटू दे मला.

वाफ्या : भेटला.

ताई : कोण?

वाफ्या : मी. दाजी खाटेवर, घरात कमावणारी तू एकटी. दोन महिने काय खाल्लं असतंस?

ताई : अरे, पण तू बॉयलरवाला. बाकीच्या सत्तर जणांना आतलं काय कळतंय? तुला तर दिसत होतं.

वाफ्या : दिसत होतं.

ताई : मला न विचारता माझ्यावर उपकार केलेस.

वाफ्या : विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. आता मात्र काळंच टाकणार. पाहुण्याकडे नव्या बॉयलरचा पैसा आहे. आपल्याकडे बटणं आहेत.

ताई : आणि पन्नाशीपुढच्या चाळीस जणांना तो घरी बसवेल. मला त्रेपन्न आहे, विसरलास?

वाफ्या : नाही विसरलो. घरी बसशील, पण जिवंत बसशील. हा बॉयलर कधीही फुटेल.

मास्तर : (हातात अभ्रा घेऊन, दारातूनच) चला दोघंही. पाहुणा म्हणतोय, बारापर्यंत सही झाली नाही तर तो निघाला.

ताई : मास्तर, ही निळी बटणं कुठली?

मास्तर : मुलांच्या वॉर्डातल्या कपड्यांची. तुटून येतात. का?

ताई : तिसरं मत ठेवा. निळं. बॉयलर पाहुण्याचा. त्याने आणावा, त्याने चालवावा, त्यावर कमवावं. इस्त्र्या आपल्या, माणसं आपली, एकालाही काढायचं नाही. वाफ त्याच्याकडून विकत घेऊ.

वाफ्या : आणि उद्या त्याने भाव दुप्पट केला म्हणजे?

ताई : भावावर मत घेऊ.

वाफ्या : त्याच्या बॉयलरवर आपली बटणं? हसेल तो.

ताई : हसू दे. करारात लिहून घेऊ, भाव दोघांनी मिळून ठरवायचा. त्यालाही आपल्याशिवाय वाफ खपवायला जागा नाही. आणि एक कलम माझं. बॉयलरवाल्याने दुरुस्ती सांगितली की ती करायची. त्यावर ना मालकाचं चालणार, ना मत.

मास्तर : ताई, मताशिवाय काहीही नाही, हा आपला पहिला नियम. तुम्ही सांगितलात, मी लिहिला.

ताई : मग खोडा.

मास्तर : खोडायला मत घ्यावं लागेल.

ताई : घ्या, बाबा. शेवटचं घ्या.

वाफ्या : पाहुणा मानेल असं वाटतं, मास्तर?

मास्तर : हिशोबी माणूस आहे, चाळीस जणांची भांडणं त्यालाही नकोच असतील. पण एक स्पष्ट बोलला. मी चालू लॉन्ड्री बघायला आलोय, बंद पडलेली फुकटही नको. सहीच्या आधी फेरी मारणार आहे.

ताई : ऐकलंस? तासभर वाफ टिकव फक्त. निळं टाक, आणि तासभर टिकव.

वाफ्या : निळं टाकतो. द्या इकडे.

मास्तर : घ्या. मी वर जाऊन सांगतो सगळ्यांना.

ताई : असा काय बघतोयस? एवढा तास काढ. आजवर नाही काही मागितलं तुझ्याकडे.

वाफ्या : ताई, काटा बघ.

ताई : उतरलाय. मग आच वाढव ना.

वाफ्या : सकाळी बॉयलरचा खालचा सांधा सुटला. पाणी ठिबकत नव्हतं, धार लागली होती. वर तुम्ही सगळे कामावर होतात.

ताई : मग सांगायचं होतंस. लगेच बोलावलं असतं सगळ्यांना.

वाफ्या : आणि अभ्रा फिरवला असतात.

ताई : म्हणजे आत्ता जी येतेय ती...

वाफ्या : उरलेली. आग मी साडेनऊला विझवली.