कितवा मजला

लातूरच्या बसस्टँडवर गुणाबाई नवऱ्यासोबत बसल्या होत्या. डॉक्टरांच्या आठवण तपासायच्या प्रश्नांत सकाळीच नापास झालेल्या नवऱ्याची फाईल मांडीवर होती. शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी बोलत होते.

“अप्पा, ऐका तर. विसरायच्या आजारावरच्या औषधाची चाचणी चालूय ना, तिचे आकडे मीच तपासते. त्यात चूक सापडली.”

“आकड्यात?”

“न्हाई, प्रश्नात. ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत?’ पेशंट चुकले ते चुकले, सोबत आलेली धडधाकट माणसंबी चुकली.”

“जिना चढलं की माडी. मजले कोण मोजतंय, मंजुश्री?”

“हेच साहेबांना आकड्यानं पटवलं. आता विचारणार, आज कुठल्या गावचा बाजार?”

“हे लई बेस केलंस.”

गुणाबाईंनी नवऱ्याचं कोपर हलवलं.

“अवं, आज कुठला बाजार?”

“किल्लारीचा. म्हणून तर गाडीला एवढी गर्दी हाय.”

“बरोबर. पुन्हा सांगा.”