पहिल्या पानावरचा चेहरा

हो हो, दिसतंय ना मला! जिवंत आहात तुम्ही, चांगल्या धडधाकट माझ्यासमोर बसलाय, मी काय आंधळी आहे? — आणि पेपरात तुमचा फोटो छापून आलाय, खाली लिहिलंय शिवणकारखान्याच्या आगीत होरपळून गेलेली तरुणी, आणि नाव तुमच्या मैत्रिणीचं. चूक आहे. भयंकर चूक आहे. मी कुठे नाही म्हणतेय? बातमी माझी, वर नाव माझं, मीच ती वार्ताहर, म्हणून तर मला खाली पिटाळलंय तुमच्याशी बोलायला. साहेब म्हणाले, तू जा, बाईची समजूत बाईनेच काढावी. चहा पाज, गोड बोल, काय ते खालच्या खाली मिटव, तिला वर आणू नकोस. आणि हसून सांग म्हणाले, की अहो, आयुष्य वाढलं तुमचं! — हे असं सांगायचं होतं मला. सांगून टाकलं. झालं. आता तुम्ही काहीतरी बोला.

नाही बोलणार? मघापासून नुसत्या बघताय. त्यापेक्षा ओरडा ना! इथे माणसं येतात ती काचेवर मुठी आपटतात, संपादकाच्या नावाने शंख करतात, पार आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि ते बरं असतं हो, ते संपतं. थकतो माणूस, पाणी पितो, जातो. तुम्ही गप्प बसून माझा जीव खाताय. आज सकाळी पेपर आल्यापासून काय झालं असेल तुमच्याकडे, ते मला काय समजत नाही? गल्लीतले लोक दारात आले असतील, कोणीतरी तुम्हाला बघून किंचाळलं असेल, नातेवाइकांचे फोनवर फोन — अगं तू आहेस ना? आहेस ना तू? — आणि तुम्ही ज्याला त्याला सांगत सुटलात, मी आहे, मी आहे. होय ना? मग त्याचा राग काढा माझ्यावर. मी आहे समोर.

पण एक सांगते, चूक माझी नाही. म्हणजे बघा, मी फोटो पाठवला तो बरोबर होता. तुम्हा दोघींचा एकत्र, तुमच्या खोलीतला. मी सोबत स्पष्ट लिहिलं होतं, डावीकडची ती. आता आमच्याकडे एक पद्धत आहे — मूर्खपणाच आहे, पण आहे — पानावर जो चेहरा लावायचा, तो बातमीकडे बघणारा हवा. पानाबाहेर बघणारा चेहरा चालत नाही. वाचणाऱ्याची नजर बाहेर जाते म्हणे! तर तुमच्या त्या फोटोत तुम्ही दोघीही नेमक्या उलट्या दिशेला बघताय. मग आमचा पान लावणारा, त्याला आम्ही घाईदास म्हणतो, त्याने काय केलं, तर फोटो आधी फिरवला. आरशात दिसतो तसा उलटा केला. डावीकडची गेली उजवीकडे, उजवीकडची आली डावीकडे. मग माझं वाक्य वाचलं, आणि डावीकडचा चेहरा कापून लावला. तुमचा. आधी कापून मग फिरवला असता तर काही झालं नसतं. झालं असं! इतकं साधं आहे ते. आणि त्याला बोलायला गेले तर मलाच म्हणतो, तू पान बघितलं नव्हतंस का?

मी कशाला बघायला — म्हणजे, मला कुठे — आलं होतं. पान आलं होतं माझ्या फोनवर. छपाईला सोडायच्या आधी पाठवतात, नाव, वय, गावबिव एकदा बघून घे म्हणून. सगळ्यांनाच पाठवतात. मी बसथांब्यावर उभी होते, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, मी उघडलं, बघितलं आणि ठीक आहे म्हणून कळवलं. आता एवढ्याशा पडद्यावर काय दिसतं?

दिसतं. कशाला खोटं बोलू. सगळं दिसतं. बोटांनी मोठं केलं की अक्षर न् अक्षर दिसतं. मी मोठं केलंच होतं — माझं नाव. पहिल्या पानावर माझं नाव कधीच आलं नव्हतं. आजवर काय, पाणी येणार नाही, रस्ता बंद राहणार, सभा पार पडली. नाव नाही, गाव नाही. काल पहिल्यांदा. मी ते नाव एवढं मोठं करून बघत बसले, आणि त्याच्या खाली तुमचा चेहरा होता, आणि मी तो बघितला नाही! ज्या खोलीत जाऊन मी तो फोटो हातात घेतला, तुम्हा दोघींची तोंडं डोळे भरून बघितली, ती मी — माझ्याशिवाय त्या अख्ख्या इमारतीत कोणाला माहीत होतं कोण कोणती ते? कोणाला नाही. एक मीच होते. आणि मी माझं नाव वाचत होते. आमच्या आईने सकाळी चार ठिकाणी फोन केले, बघा, हिचं नाव पहिल्या पानावर आलंय. शेजारच्यांना पेपर नेऊन दाखवला. माझी आई भाबडी आहे हो, तिला काय कळतंय.

काय? फोटो कोणी दिला? — दिला म्हणजे, तुमच्या शेजारच्या मावशींनी. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते ना. मी गेले तर तुम्ही हॉस्पिटलला गेलेल्या, दाराला कुलूप, आणि इकडे साहेबांचे फोन — फोटो मिळाला का, फोटो मिळाला का, फोटो नसेल तर बातमी आतल्या पानावर जाईल. माणूस मेला तरी चेहरा असला तरच तो पहिल्या पानाचा. आणि अशा घरी नेहमी मलाच पाठवतात, माहितीये? पुरुष वार्ताहर गेला तर लोक दार लावून घेतात. तू मुलगी आहेस, तुला घरात घेतील, पाणी देतील. घेतात हो! पाणी देतात. रडत रडत देतात. मावशींनी मला आत घेतलं, खाटेवर बसवलं. तारेवर तुमच्या दोघींचे कपडे वाळत होते, एकाच पेल्यात दोन टूथब्रश होते, मी सगळं बघत होते, बातमीत घालायला. घातलंय ते. वाचलंत ना? साहेबांना फार आवडलं. म्हणाले, डोळ्यांत पाणी आणलंस.

मी पेपरमधून आलेय हे मी त्यांना सांगितलं होतं. — म्हणजे, त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं मी सरकारी कुठून तरी आलेय. मी काही खोटं — अहो, तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे! हो, म्हणाले मी. तिच्या घरच्यांना मदत मिळायची तर फोटो लागेल, असं म्हणाले. बास? त्या म्हाताऱ्या बाईने स्टुलावर चढून खिळ्यावरून चौकट काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. लवकर काम करून द्या बाई, म्हणाली. मी दारापाशी उजेडात नेऊन त्याचा फोटो काढला आणि चौकट परत दिली. हे मी साहेबांनाही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंच नाही, फोटो कसा मिळाला म्हणून. मिळाला ना, एवढंच. तिथे कोणी विचारतच नाही! आणि मला अजून कायम केलेलं नाही, मी काय स्वतःहून सांगत बसू? मला भाडं नाही भरायचं? मला घरी तोंड नाही दाखवायचं?

हे बघा, आपण व्यवहाराचं बोलू. माझ्या हातात जे आहे ते सांगते. उद्या आतल्या पानावर तळाशी दोन ओळींचा खुलासा येईल — कालच्या छायाचित्रात अनवधानाने चूक झाली, दिलगीर आहोत. फोटो नाही, कोणाचा काय ते नाही, नुसत्या ओळी. त्याही मी भांडून मिळवल्यात. साहेब तेवढंही देत नव्हते. काय म्हणाले माहितीये? म्हणाले, जिवंत माणूस दोन दिवस भांडतो आणि विसरतो, आणि मेलेला काय भांडायला येत नाही. असं म्हणाले. तोंडात सुपारी घोळवत. मी ऐकून घेतलं. आणि तुम्हाला सांगायला खाली आले. मग? चालेल तुम्हाला? दोन ओळी? हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा.

तुमच्यासाठी नकोय? मग कोणासाठी?

कोणाचे वडील? — तिचे? ते आले? कधी?

थांबा, सावकाश. पुन्हा सांगा. त्यांना रात्रीच फोन गेला होता, मुलगी गेली म्हणून. बरं. ते पहाटेच्या गाडीने निघाले. स्टँडवर उतरले आणि पेपर घेतला. आमचा. वर नाव मुलीचं — आणि फोटो तुमचा. तुम्हाला ओळखतात ते, सुट्टीत तुम्ही दोघी त्यांच्याकडे जायच्या. म्हणजे त्यांना वाटलं की —

नाही. नाही हो. त्यांना वाटलं की नावाचा घोळ झालाय. गेली ती दुसरी. आपली नाही.

मग ते तिथे आले, पोस्टमॉर्टेमच्या खोलीपाशी. कसे आले? — हसत? — हसत आले. हातात पेपर घेऊन. भेटेल त्याला फोटो दाखवत, ही माझी मुलगी नाही, ही माझी मुलगी नाही. आणि तुम्ही तिथेच उभ्या होता. दारात.

तुम्हाला बघितलं त्यांनी.

देवा रे. तुम्हाला बघितलं. तुम्ही उभ्या दिसलात, तेव्हा त्यांना कळलं. अहो, मी — मी तुम्हाला मघाशी काय म्हणाले, आयुष्य वाढलं! — तुम्ही मला तेव्हाच एक का ठेवून दिली नाहीत? मग त्यांनी काय केलं? — खाली बसले. आणि पेपर? — घडी करून पिशवीत ठेवला. कशाला ठेवला? काय करायचाय त्यांना तो? रात्री एकदा ऐकलंच होतं त्यांनी, सोसून निघाले होते हो, छातीवर दगड ठेवून निघाले असतील, आणि मी मध्ये उभी राहून त्यांना सांगितलं, नाही, तुमची नाही मेली! मी सांगितलं. पहिल्या पानावर. माझ्या नावाने. कोण तो घाईदास, त्याचा काय संबंध? त्याने काय, उलटं नि सुलटं! त्याने कुठे बघितलं होतं तुम्हा दोघींना?

आणि तुम्ही कधीपासून इथे बसलाय? दुपारपासून. त्यांना तिथे एकटं सोडून. तिचा चेहरा मागायला. म्हणजे ते म्हणाले का तसं? — म्हणाले, लोकांना कळू दे ती कशी दिसायची. एवढंच. आमच्या नावाने शिव्या नाहीत, खटला नाही, काही नाही. लोकांना कळू दे ती कशी दिसायची.

हे काय काढताय पिशवीतून — चौकट? भिंतीवरची? दुसरा फोटोच नाही तिचा? राहू द्या, माझ्या हातात देऊ नका. मी नाही घेणार. एकदा घेतलाय मी तो. तुमच्याजवळच धरा. तुम्हीच न्या.

थांबा, वाजतोय. साहेबच आहेत. — हां साहेब. नाही, गेल्या नाहीत. नाही, नाही निघाली समजूत. चहा? विचारलाही नाही मी चहा. साहेब, ऐका. तिचे वडील — साहेब, ऐकून तर घ्या, त्यांनी सकाळी आपला पेपर — हो, माहितीये पान सोडायचंय, म्हणूनच बोलतेय. अजून सोडलं नाही ना? मग पहिल्या पानावर जागा काढा. दोन ओळी नाहीत. तिचा चेहरा, तिचं नाव आणि चूक आपण कशी केली ते. जाहिरात हलवा ना मग! तो फोटो मी खोटं बोलून आणलाय साहेब. हो. खोटं. ते सांगितलंय मी त्यांना. सगळं सांगितलं. तुम्ही सुपारी खात काय म्हणालात, तेही सांगितलं. — ओरडू नका. ओरडू नका, मलाही येतं ओरडता! — काढा. माझं नाव काढा, मला काढा, काय काढायचं ते काढा, पण तो चेहरा लावा. आम्ही वर येतोय. — हो. दोघी.

ठेवला.

उठा ताई. चला.