खणातली यादी

—अहो चोरीबिरी काही नाही, तुम्ही चावीवाले लोक भलतेच संशयी! घर माझं, टेबल माझं, आणि खण बायकोचा असला म्हणून काय झालं, बायकोही माझीच ना? ती गेलीय बहिणीकडे, चार दिवस. एरवी एका पिशवीत भागतं, या खेपेला दोन बॅगा — बायकांचं काय, कायमच्या निघाल्यासारख्या निघतात. पोचल्यावर कळवते म्हणाली, अजून कळवलेलं नाही, कळवेल. घाला तार आत. ओरखडा तेवढा नको, तिला कळता कामा नये.

आत काय आहे? यादी आहे, दुसरं काय! मी शाळेत मास्तर, तीस वर्षं झाली, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी मी घरातच — आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशी ही वहीचं पान फाडून लिहायला बसणार, या सुट्टीत काय काय करायचं. पेटी शिकायची. गच्चीवर बारा कुंड्या लावायच्या. मी म्हणायचो, छान, छान! आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवशी चार पाहुणे जमवून ती यादी मोठ्याने वाचायचो, लाल पेनने तपासायचो — नापास पोराचा पेपर तपासतात ना, तसा. बारा कुंड्या, जिवंत दोन. पेटीवर एकच गाणं, तेही अर्धं. दहापैकी दीड! अहो, पाहुणे पोट धरून हसायचे. तीही हसायची — म्हणजे दात दिसायचे. आमची मुलगी लहान होती तेव्हा टाळ्या पिटायची. आता शहाणी झालीय, दुसऱ्या गावात राहते, फोन करते तो फक्त आईला.

असं बघू नका माझ्याकडे. माणसाला आपली झेप कळायला नको? कुणीतरी सांगावंच लागतं. गाडीचंच घ्या ना. एका वर्षी लिहिलं, गाडी शिकणे. मी स्वतः शिकवायला बसलो, बरं का! चौकात तिसऱ्यांदा बंद पाडली, मागे भोंगे, लोक बघताहेत — मी म्हटलं, उतर. उतरली. मी गाडी घेऊन घरी. ब्रेक नीट दाबता यावा म्हणून चपला काढल्या होत्या तिने, त्या गाडीतच राहिल्या. भर दुपारी अनवाणी आली, दीड तासाने, तळव्यांना हे एवढे फोड. बादलीत पाय सोडून बसली होती, तिच्यासमोरच मी यादी काढली, गाडीवर लाल रेघ मारली. म्हटलं, चला, एक विषय संपला. वाईट वाटलं का मला? वाटलं, थोडं. मजाही आली, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून यादी खणात आणि खणाला कुलूप. तीन वर्षं. मी म्हटलं, राहू दे, लाज वाटत असेल. पण या सुट्टीत बाईसाहेब खुशीत — गुणगुणतात काय! सकाळी सहाला चालायला जातात, उगवतात नऊला, अंगातल्या कपड्यांवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी चुरगळ, पट्टा आवळून बसल्यासारखी. चालून असं होतं? शिलाई मशीन दुरुस्तीला दिलंय म्हणे, महिना झाला. पेटीही दिलीय. उद्या सुट्टीचा शेवटचा दिवस, मी मुद्दाम सगळ्यांना बोलावलंय, जुने पाहुणे, सगळे — यादी हातात हवी ना?

निघालं? वा! द्या — नाही, चष्मा आत राहिला, तुम्हीच वाचा. वाचता येतं ना? कितवीपर्यंत मजल गेली होती? बरं, बरं, रागावू नका. मोठ्याने वाचा, मजा येते.

गाडी शिकणे! बघा, खोड जात नाही. पुढे काय, बरोबरची खूण? स्वतःच स्वतःला पास करून मोकळी! पुढे. शिवणाच्या दुकानात काम मिळवणे — खूण. हिला कोण काम देणार? पुढे. मुलीच्या शेजारी खोली बघणे — खूण. कुणाला खोली? मुलीला घर आहे की. पुढे वाचा, पुढे. मशीन आणि पेटी आधी पोचवणे.

खूण.

थांबलात का? आहे ना अजून एक? खूण नाही, मग? रेघ मारलीय? लाल? माझंच पेन घेतलं असणार. अहो, रेघेखालचं वाचा की, दातखीळ बसली का — आणा इकडे. मला दिसतं, लांब धरलं की दिसतं.

'ह्यांना सांगणे.'

…बंद करा तो खण. कागद आत टाका, होतं तसं कुलूप लावा. मी उघडलाच नव्हता. तुम्ही आलाच नव्हता. माझ्या तोंडाकडे काय बघताय? हसायचं असेल तर जिन्यात जाऊन हसा. निघा. उद्या पाहुणे यायचेत माझ्याकडे.