अण्णांनी पाडलेले वाटे

कॉम्प्युटर आवरायचा असेल तर माणसानं दार लावून आवरावा, वडलांसमोर तर अजिबात नको. त्यातही आमचे अण्णा. भावकीत कुणाचं रान वाटायचं असलं की सगळे त्यांनाच बोलावतात.

कळंबच्या घरी मी आणि धाकटा सुनील, दोघांत एकच कॉम्प्युटर. माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका अन् त्याच्या लग्नाचे फोटो, सगळं एकात एक. म्हणून मी दोघांच्या नावानं दोन फोल्डर केले. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले, सुनील मागं उभा राहिला.

"अन् हा मोठा फोल्डर कुणाचा?"

"त्यात प्रोग्राम हायत, अण्णा. तो दोघांचाच राहू द्या."

"असं एकत्र ठेवल्यानंच भाऊ पुढं कोर्टात जात्यात."

मी चहा आणायला आत गेलो. तेवढ्यात अण्णांनी सुनीलच्या हातात माऊस देऊन एक प्रोग्राम त्याच्या फोल्डरात, एक माझ्या, असे सारखे वाटे पाडले.

"रिवाजाप्रमाणं धाकट्याला आधी उचलू दिलं," मला म्हणाले.

झालं. एकही प्रोग्राम उघडेना. सकाळी द्यायची प्रश्नपत्रिका आत अडकली. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, हे फोडलं की बंद पडतंय. एका जागी ठेवून दोघांनी आळीपाळीनं वापरायचं असतंय."



"मग ती विहीर हाय म्हणून आधी सांगायचं की. विहिरीचे कुणी वाटे पाडतंय व्हय? एवढा मास्तर झालास अन् तुला विहीर वळखू येईना?"