बाळकुमच्या मोफत संगणक केंद्राचा मेन स्विच बंद केल्याबाबत

मी, मंदाकिनी गोपीनाथ टिपणीस, वय ६९ वर्षे, विमा कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त, राहणार नौपाडा, ठाणे (पश्चिम), पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. निवृत्तीनंतर मी सेवाभावी संस्थांना लोकांसाठी मोफत संगणक केंद्रे उभी करून देते. घोडबंदर रोडवरची ऑफिसे जुने संगणक काढून टाकतात. ते मी मागून आणते, दुरुस्त करते आणि संस्थेत लावून देते. डोंबिवलीला एका वाचनालयात, कल्याणला एका महिला मंडळात आणि बाळकुमला एका अभ्यासिका ट्रस्टच्या हॉलमध्ये अशी केंद्रे चालू आहेत. "यात तुमचा फायदा काय?" असे मला आता विचारण्यात आले. काही नाही. तसे लिहून घ्यावे.

बाळकुमच्या केंद्रात सहा संगणक आहेत. कोणीही यावे, बसावे, फॉर्म भरावा, पत्र लिहावे. नाव विचारले जात नाही. संगणक बंद केला की त्यावर केलेले सगळे पुसले जाते, काहीही शिल्लक राहत नाही. हे मी मुद्दाम तसे केले आहे. पाटी पुसून मगच दुसऱ्याला द्यायची, हे आम्हाला पहिलीत शिकवले होते. खुर्ची सोडताना बटण दाबायचे, हा केंद्राचा नियम भिंतीवर लावला आहे.

रसिका ऋतुराज शेलार हिला मी ओळखते. ती साधारण फेब्रुवारीपासून केंद्रात येत असे आणि नेहमी चार नंबरवर, कोपऱ्यात बसत असे. येताना ती मोबाइल घरी ठेवत असे. एप्रिलमध्ये काही आठवडे ती फक्त डाव्या हाताने टाइप करत होती. उजव्या हाताबद्दल मी काही विचारले नाही. या मंगळवारी तिने एका पत्राचे इंग्रजी तपासून मागितले, ते मी तपासून दिले. पत्र कोणाला होते, ते पुढे येईल.

केंद्रात फोटो काढायचे नाहीत, असे मी ट्रस्टचे सचिव श्री. महेंद्र सोनावळे यांना सुरुवातीलाच सांगितले होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण देणगीदार फोटो मागतात हो. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पाठवला तर पुढच्या वर्षी पंखासुद्धा देणार नाहीत." मी म्हणाले, "मग खुर्च्यांवर तुम्ही बसा." ते हसले. गेल्या रविवारी त्यांनी 'लाभार्थी' असे लिहून केंद्राचा फोटो फेसबुकवर टाकला. त्यात कोपऱ्यात रसिका बसलेली दिसते. तिच्या मागच्या भिंतीवर चार हा आकडाही दिसतो. सोनावळे वाईट गृहस्थ नाहीत. ज्याला दिले तो चारचौघांना दाखवल्याशिवाय आपल्याकडे कोणाला दिल्यासारखे वाटत नाही, एवढेच.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी केंद्रात होते. दाराजवळच्या एक नंबरवर मी केशरबाईंना शिकवत होते. त्या केंद्राजवळच्याच वस्तीत राहतात, वय सुमारे ७५. दोन नंबरवर मेघना नावाची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होती. तो भरण्याचा शेवटचा दिवस होता. रसिका चार नंबरवर होती. बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या. केंद्र सांभाळणारी प्रियांका दारात उभी होती.

त्या वेळी एक तरुण गृहस्थ दारात आले. तेच श्री. ऋतुराज शेलार, हे मला नंतर कळले. त्यांनी मोबाइलवर तो फोटो प्रियांकाला दाखवला. प्रियांका खूश होऊन म्हणाली, "अरे, हा तर आमचाच फोटो!" त्यांनी विचारले, "ही आलीय का आज?" ती म्हणाली, "रसिकाताई ना? हो, आहे ना, चार नंबरला. बूट तेवढे बाहेर काढा हं." प्रियांका चोवीस वर्षांची आहे आणि तिला कोणी वाईट वाटत नाही. तिचा यात दोष धरू नये.

हॉलमध्ये पादत्राणे घालून येऊ देत नाहीत. श्री. शेलार यांच्या बुटांना नाड्या होत्या. त्या सोडून होईपर्यंत श्री. शेलार यांचा आवाज ऐकून रसिका उठली आणि मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. खुर्ची सोडताना तिने बटण दाबले नाही. ही चूक तिच्याकडून पहिल्यांदाच झाली.

श्री. शेलार आत आले ते सरळ चार नंबरकडे गेले. मी विचारले, "आपण कोण?"

ते म्हणाले, "आंटी, मी माझ्या वाइफला घ्यायला आलोय. तिची तब्येत बरी नसते. काय करते ते तिचं तिलाच कळत नाही."

मी म्हणाले, "मी तुमची आंटी नाही. आणि ती खुर्ची भरलेली आहे."

"कुठे भरलीय? रिकामी तर आहे," असे म्हणून ते बसले. पडद्यावर तेच पत्र उघडे होते. मला माझ्या जागेवरून त्यातली अक्षरे दिसत नव्हती. ती दिसण्याची मला गरज नव्हती. त्यांनी माउस हातात घेतला आणि ते पुढे वाकले.

मेन स्विच एक नंबरच्या मागे भिंतीवर आहे. तो मी बंद केला. चुकून हात लागला का, असे मला दोनदा विचारण्यात आले. हात चुकून लागला नाही. सहा संगणक, दिवे आणि पंखे बंद पडले. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या केंद्रात नाहीत, त्या अजून कोणी देणगीत दिलेल्या नाहीत. मंगळवारी ते बरेच झाले.

मेघना ओरडली, "मॅडम, माझा फॉर्म! फी भरत होते मी!" मग तिने चार नंबरकडे पाहिले आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिची फी पोहोचली की नाही, हे आज या क्षणापर्यंत समजलेले नाही. कॉलेजात मी तिच्याबरोबर जाऊन आले. तिने माझ्याविरुद्ध तक्रार दिली तर ती खरी असेल. तीही लिहून घ्यावी.

मी स्विच पुन्हा चालू केला. श्री. शेलार यांनी संगणक सुरू केला. त्यावर काही नव्हते. ते म्हणाले, "परत आणा ते. तुम्ही एक्स्पर्ट आहात ना?"

मी म्हणाले, "एक्स्पर्ट आहे म्हणूनच येणार नाही."

त्यावर त्यांनी वायरी उपसल्या आणि संगणकाचा डबा उचलला. "दुकानात देऊन काढून घेतो," असे ते म्हणाले. तेव्हा केशरबाई उठल्या आणि जाऊन चार नंबरच्या खुर्चीत बसल्या. एक वायर अजून टेबलामागे अडकली होती, ती त्यांच्या पाठीमागे गेली. श्री. शेलार म्हणाले, "आजी, उठा."

केशरबाई म्हणाल्या, "कशाला उठू? माझा नंबर लागलाय. मला नातवाला फोटो धाडायचाय. ठेव तो डबा खाली, लेका, हात दुखतील."

"तुम्हाला काय कळतं यातलं?"

"काय नाय कळत. म्हणून तर शिकायला येते. तू कशाला आलास?"

श्री. शेलार यांनी डबा जोराने ओढला. वायर तुटली आणि डबा त्यांच्या उजव्या पायावर पडला. पायात बूट नव्हता, याचे कारण वर आले आहे. डबा मी फेकून मारला, असे त्यांनी तक्रारीत म्हटल्याचे मला सांगण्यात आले. मला मणक्याचा त्रास आहे. मी बाजाराची पिशवीसुद्धा रिक्षात ठेवायला रिक्षावाल्याला सांगते. त्यांच्या पायावर बर्फ मीच आणून लावला. तेव्हा ते हळू आवाजात मला म्हणाले, "ती येईलच परत. जाणार कुठे? तेव्हा मी तिला तुमच्याबद्दल विचारीन." हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. केशरबाईंनीही ते ऐकले आहे. त्यांना बोलवावे.

श्री. शेलार या क्षणी बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना चहा दिलेला मी पाहिला. दार लोटून घ्यावे, असे मी दोनदा सांगितले. आता लोटले आहे.

ते पत्र एका संस्थेला होते. नवऱ्याच्या घरून बाहेर पडणाऱ्या बायकांना ती संस्था राहायला जागा देते. पत्रात संस्थेचा पत्ता आणि तिथे जायचा दिवस होता. श्री. शेलार यांनी स्विच बंद होण्याआधी त्यातले किती वाचले, हे मला माहीत नाही. या एका गोष्टीबद्दल 'माहीत नाही' असे जरूर लिहावे. मंगळवारपासून मी हाच विचार करत आहे. आज ते तिचा पत्ता शोधून द्या म्हणून पोलिसांकडे आले आहेत, यावरून त्यांनी तो वाचला नसावा, असे मी समजते. त्यांची तक्रार ऐकून मला पहिल्यांदा बरे वाटले.

रसिका सत्तावीस वर्षांची आहे. ती हरवलेली नाही. तिने नंतर मला माझ्या घरच्या फोनवर फोन केला होता. काय बोलली ते मी माझ्यापाशी ठेवते. महिला अधिकारी एकट्या, साध्या कपड्यांत तिला भेटणार असतील, तर मी तिला विचारीन. ती हो म्हणाली, तर त्यांना स्वतः घेऊन जाईन. इतर कोणाला नेणार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. शेवटी त्यांनी "रसिका शेलार सध्या कोठे आहे हे मला माहीत नाही" असे लिहिले होते. "मॅडम, तुमच्याच सोयीसाठी लिहिलंय, पुढे त्रास नको," असे ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. मी ते वाक्य खोडायला लावले आणि त्याजागी "मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही" असे लिहून घेतले. खाडाखोडीवर माझी सही आहे. एवढ्या दुरुस्तीसह हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष,
(सही) मंदाकिनी गो. टिपणीस